जिनिव्हात मागता, ते कापड्यात द्या



नाचणी कापणीला आली आहे. दिवाळी तोंडावर आहे. दिवाळी सरली की मुकादमाचे टेम्पो लागतील आणि निम्म्या वाड्या वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला बाहेर पडतील. मग पावसापर्यंत बैठक नाही. म्हणून माणसं घरात आहेत तोवर एका विषयावर बोलून घेऊ. विषय व्यापाराचा आहे.

बैठकीत पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही डोंगरातली माणसं. आमच्यापाशी विकायला आहे काय, की आम्ही जगाच्या व्यापाराचं बोलावं?" विकायला कमी आहे हे खरं. पण खायला तर लागतं ना? आपल्या कालवणात पडणारं तेल, रेशनवर येणारा किंवा न येणारा गहू-तांदूळ, आणि ज्या वरकस जमिनीवर आपण नाचणी-वरी करतो ती जमीन, या तिन्हींचा निकाल आज व्यापाराच्या धोरणात लागतो. तो निकाल कुणी, कुणाच्या नावाने लावला, हे आपल्याला कळलं पाहिजे.

कानकुनला काय झालं

१० ते १४ सप्टेंबर २००३ ला मेक्सिको देशात कानकुन या गावी जागतिक व्यापार संघटनेची मोठी बैठक झाली. ही संघटना १ जानेवारी १९९५ पासून चालू आहे. तिची कचेरी स्वित्झर्लंड देशात जिनिव्हाला. बाहेरच्या मालावर कोणत्या देशाने जास्तीत जास्त किती कर लावायचा, आपल्या शेतकऱ्याला कशी आणि किती मदत द्यायची, याचे नियम तिथे ठरतात. त्या कागदावर आपल्या देशाचीही सही आहे. त्या वेळी श्रीमंत देश वर्षाला तीनशे अब्ज डॉलरच्या घरात पैसा आपल्या शेतीमागे उभा करत होते, आणि तेच देश आपल्याला सांगत होते, दारं उघडा, कर कमी करा.

बैठकीच्या पहिल्याच दिवशी दक्षिण कोरियाचा एक शेतकरी, ली क्युंग-हे, बाहेर घातलेल्या कुंपणावर चढला आणि त्याने स्वतःच्या छातीत चाकू खुपसून जीव दिला. शेतकऱ्यांचा जीव ही संघटना घेते, एवढंच त्याला सांगायचं होतं. आम्ही त्याला लाल सलाम करतो. तो आपल्यासारखाच जमिनीवर जगणारा माणूस होता.

बैठक मोडली. भारत, ब्राझील, चीन आणि दुसरे गरीब देश एकत्र राहिले, म्हणून मोडली. आपल्या देशाचे मंत्री तिथे म्हणाले की आमच्या देशात कोट्यवधी गरीब शेतकरी आहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आम्ही वाकणार नाही. हे त्यांनी बरंच केलं. त्याच्याही आधी, जानेवारी २००१ मध्ये, भारत सरकारने जिनिव्हात लेखी मागणी दिली होती. मागणी अशी की गरीब देशांना 'अन्नसुरक्षा पेटी' द्या. म्हणजे लोकांच्या पोटासाठी आणि गरीब शेतकऱ्यासाठी सरकार जे काही करील, त्याला व्यापाराच्या नियमांतून सूट द्या.

मागणी शंभर टक्के बरोबर आहे. ती आपल्याच नावाने केली आहे. आमचा सवाल पुढचा आहे. जे जिनिव्हात आमच्या नावाने मागता, ते इथे कापड्याच्या खोऱ्यात आम्हाला कधी देणार? तिथे तुमचे हात कुणी बांधले असतील. इथे कुणी बांधलेत?

तेलाची गोष्ट

आधी तेल घेऊ. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. वरकसावर नाचणी, वरी झाली की पुढच्या सालाला खुरासणी पेरायची. कुणी तिला कारळे म्हणतात. पिवळ्या फुलांनी डोंगर भरायचा. थोडी घाण्यावर नेऊन तेल काढायचं, पेंड गुरांना, उरलेली विकून मीठ-मिरची, कापड. खत नाही, औषध नाही, उतारावरची माती धरून ठेवणारं पीक. आज किती घरं खुरासणी करतात? आणि चालता घाणा किती गावांत राहिला? दुकानात पिशवीतलं पाम तेल मिळतं, तेच आपण आणतो. पन्नास-शंभर मिलीच्या हिशोबानं.

हे आपोआप झालं नाही. १९९३-९४ च्या सुमाराला देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशात होत होतं. १९९४ मध्ये सरकारने पामोलिन तेल आणायला मोकळीक दिली. तेव्हा त्यावर कर होता ६५ टक्के. पुढच्याच वर्षी ३०. मग २०. १९९८ मध्ये १५ टक्के. याचा अर्थ साधा आहे. बंदरावर शंभर रुपयांना उतरलेलं तेल आधी कर भरून एकशे पासष्टला पडायचं, ते एकशे पंधराला पडू लागलं. त्याच्यापुढे डोंगरातली खुरासणी, घाटावरचा भुईमूग, करडई कसे टिकणार? २००३ च्या सुमाराला देश वर्षाला चाळीस लाख टनांवर तेल बाहेरून आणत होता.

आता नीट ऐका. सरकारी माणूस सांगतो, "काय करणार, जागतिक व्यापार संघटनेची सक्ती आहे." पाम तेलाच्या बाबतीत हे खोटं आहे. संघटनेच्या कागदावर भारताला पाम तेलावर ३०० टक्क्यांपर्यंत कर लावायची मुभा आहे. तीनशे लावता येत असताना यांनी पंधरा लावला. कुणी सांगितलं होतं? सोयाबीनच्या तेलावर मात्र यांनीच ४५ टक्क्यांची मर्यादा लिहून दिली आणि आता ती सुटत नाही म्हणतात. पुढे शेतकऱ्यांची ओरड झाली, तेव्हा २००१ च्या बजेटात कच्च्या पाम तेलावरचा कर ७५ टक्क्यांवर नेला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. पण तोवर घाणे बसले होते, बियाणं संपलं होतं. बसलेला घाणा बजेटानं उठत नाही.

आणखी एक. हे पाम तेल येतं कुठून? मलेशिया आणि इंडोनेशियातून. तिथे जंगल तोडून, जाळून पामच्या बागा लावल्या. १९९७ साली इंडोनेशियात जंगलं अशी पेटली की शेजारच्या देशांत धुराने दिवस मावळला. त्या जंगलातही आपल्यासारखे लोक होते. त्यांची शेती गेली, कंदमुळं गेली, म्हणून आपल्या पिशवीत तेल स्वस्त आलं, आणि ते स्वस्त आलं म्हणून आपली खुरासणी गेली. एका व्यापारात दोन डोंगर उघडे पडले, इकडचा आणि तिकडचा.

धान्याची गोष्ट

आता धान्य. जुलै २००२ मध्ये सरकारच्या गोदामांत सहा कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ होता. त्या वेळी अडीच कोटी टन असले तरी नियमाने पुरे. तेच वर्ष दुष्काळाचं. देशात ठिकठिकाणी माणसं भुकेने मरत असल्याच्या बातम्या येत होत्या, आणि गोदामाला जागा पुरत नव्हती म्हणून पोती उघड्यावर ताडपत्रीखाली होती.

एवढं धान्य साचलं कसं? पीक जास्त आलं म्हणून नव्हे. १९९७ पासून रेशन सगळ्यांचं बंद करून माणसं दोन रेषांत वाटली. रेषेच्या खालचे आणि रेषेच्या वरचे. वरच्यांचा भाव इतका वाढवला की त्यांनी उचल सोडली. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली. आपल्या किती वाड्यांत भूमिहीन कातकऱ्याच्या हातात केशरी कार्ड आहे? कितींच्या हातात कुठलंच नाही? सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा वाडी भट्टीवर होती. घराला कुडाची ताटी लावलेली. ताटीला कोण विचारणार, की बाई, तुझं उत्पन्न किती?

मग त्या साचलेल्या धान्याचं सरकारने काय केलं? नोव्हेंबर २००० पासून ते निर्यातदारांना विकायला काढलं. गव्हाचा भाव लावला दारिद्र्यरेषेखालच्या माणसाचा, किलोला ४ रुपये १५ पैसे. त्याच वेळी रेषेच्या वर गणलेल्या गरिबासाठी केंद्राचा भाव होता ८ रुपये ३० पैसे. बरोबर दुप्पट. म्हणजे परदेशात माल पाठवणारा व्यापारी सरकारच्या लेखी दारिद्र्यरेषेच्या खाली, आणि केशरी कार्डवाला कातकरी रेषेच्या वर! २००२-०३ या एका वर्षात गहू-तांदूळ मिळून ऐंशी लाख टनांच्या वर धान्य देशाबाहेर गेलं. कागदावर त्याला 'निर्यातीत भरारी' म्हणतात. आम्ही त्याला भुकेल्याच्या ताटातलं उचलणं म्हणतो.

याच्याविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या राजस्थानातल्या लोकांनी २००१ मध्ये सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने एकामागून एक हुकूम दिले. त्यातला २ मे २००३ चा हुकूम आपण तोंडपाठ करायचा आहे. त्यात म्हटलं आहे की आदिम जमातीच्या प्रत्येक घराला अंत्योदयाचं कार्ड द्या. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००३ मध्ये अंत्योदय म्हणजे महिन्याला घरटी ३५ किलो धान्य होतं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोनं. यात उत्पन्नाची अट कातकऱ्याला लागू नाही. कातकरी आहे, एवढंच पुरे.

जमिनीची गोष्ट

तिसरी गोष्ट जमिनीची. सरकारच्या निर्यात धोरणात २००१ पासून 'कृषी निर्यात क्षेत्र' नावाची योजना आली. हापूस आंब्याच्या क्षेत्रात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाण्याबरोबर आपला रायगड जिल्हाही होता. आंब्याशी आमचं भांडण नाही. ज्याची जमीन आहे त्याने लावावा, विकावा, चार पैसे मिळवावेत. पण हापूस लागणार कुठे? भाताच्या खाचरात नाही. तो लागणार वरकसावर, जिथे आपण पिढ्यान्‌पिढ्या मालकाला खंड देऊन किंवा दळीच्या प्लॉटवर नाचणी, वरी, हरीक केला. मुंबईचा माणूस येतो, डोंगर विकत घेतो, तारेचं कुंपण घालतो, पाटी लावतो. ज्यानं तो वरकस कसला त्याला तिथे राखण्याची नोकरी मिळाली तर मिळाली.

आणि जी जमीन वनखात्याच्या कागदात आहे तिचं काय? ३ मे २००२ ला केंद्राच्या वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबर २००२ च्या आत काढून टाका. पाच महिन्यांत! आपले बाप-आजे जिथे पुरले ती अतिक्रमणं. जिनिव्हात ज्यांना 'गरीब शेतकरी' म्हणून पुढे केलं, तेच इथे 'अतिक्रमणदार' झाले. एक तोंड परदेशात, एक तोंड देशात. याला दुतोंडी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आम्ही सांगतो, डोंगर आम्ही राखला आहे. नाचणीला युरिया लागत नाही, धरणाचं पाणी लागत नाही. एक-दोन सालं पिकवून जमीन पडीक टाकायची, पुन्हा तिच्यावर झाडोरा येऊ द्यायचा, ही रीत आमची. आवळा, हिरडा, करवंद उभी ठेवून आम्ही पेरतो. करंदे काढताना वेलाचं डोकं परत मातीत लावतो, म्हणजे पुढल्या साली वेल येतो. महाडच्या कारखान्यांनी सावित्रीचं पाणी नासवलं आणि मासा मेला, तेव्हा पर्यावरणाचं पत्र पाच महिन्यांची मुदत घालून कुणी धाडलं नाही.

ते काय म्हणतील

ते म्हणतील, स्वस्त तेल गरिबाच्याच फायद्याचं आहे, तुम्ही स्वतः तेच घेता. होय, घेतो. मजुरी नाही त्याला स्वस्तच घ्यावं लागतं. पण स्वस्त तेल द्यायचंच असेल तर रेशनच्या दुकानातून पिवळ्या कार्डावर द्या. त्यासाठी सगळं बंदर उघडून टाकायची गरज नाही. आयातकराचा जो पैसा येतो, तो तेलबिया पिकवणाऱ्याच्या हमीभावाला आणि खरेदीला लावा. म्हणजे खाणाराही जगेल, पिकवणाराही. डोंगरात हे दोघे एकच असतात, हे मुंबई-दिल्लीला कळत नाही.

ते म्हणतील, धान्य सडलं असतं, त्यापेक्षा विकलं ते बरं. सडायच्या आत चार रुपये पंधरा पैशांनी व्यापाऱ्याला देता आलं, तर त्याच भावाने केशरी कार्डवाल्याला का नाही? कामाच्या बदल्यात धान्य म्हणून बंधारे, पाऊलवाटा, तळी यांच्या कामावर का नाही? ते केलं असतं तर कितीक कुटुंबं भट्टीला गेली नसती.

ते म्हणतील, सही केली आहे, आता काही बदलता येत नाही. हेही खरं नाही. तांदळावर शून्य आयातकराचं बंधन भारताने १९४७ पासून जुन्या गॅट करारात स्वीकारलं होतं. १९९९ मध्ये फेरबोलणी करून ते ७०-८० टक्क्यांपर्यंत नेलं. बोलणी केली तर बदलतं. आपल्या भाताच्या खाचराला त्यामुळे थोडी आड मिळाली. तीच आड नाचणीला, खुरासणीला हवी.

काही शहाणे असंही म्हणतील की ही चळवळ व्यापाराच्याच विरोधात आहे. नाही. आठवड्याचा बाजार आमच्याही रक्तात आहे. सुकी मासळी, मीठ, गूळ, कापड कधी डोंगरात पिकलं नाही, बाजारातूनच आलं. देवघेव पाहिजे. पण कणगीत सालभराचं ठेवून मग उरलेलं बाजारात न्यायचं, ही आपल्या आज्यांची रीत. कणगी रिकामी करून बाजारात जाणाऱ्याला गावात शहाणा म्हणत नाहीत. देशाचा व्यापारही याच रीतीने चालला पाहिजे. आधी कणगी, मग बाजार.

आमच्या मागण्या

एक. देशातल्या प्रत्येक गरीब घराला रेशन पोचेपर्यंत सरकारी गोदामातला दाणा स्वस्त भावाने निर्यातदाराला देऊ नये.

दोन. परदेशात तेलाचा भाव पडला की आयातकर वर जाईल, भाव चढला की खाली येईल, अशी पद्धत बांधा. मर्यादा ३०० टक्क्यांची आहे, ती वापरा.

तीन. नाचणी आणि खुरासणीचा हमीभाव दरसाल दिल्लीत जाहीर होतो, पण खरेदी करणारा काटा आपल्या खोऱ्यात येत नाही. काटा आणा. घेतलेली नाचणी इथल्याच रेशन दुकानात, आश्रमशाळेत, अंगणवाडीत द्या. पंजाबचा गहू इथवर आणायचं भाडंही वाचेल, आणि लेकरांच्या पोटात ओळखीचं अन्न जाईल.

चार. जागतिक व्यापार संघटनेत भात, नाचणी, वरी, तेलबिया यांच्यावरचा आयातकर कमी करायला सरकारने कधीही सही करू नये. कानकुनला जे गरीब देश एकत्र आले, त्यांना सोडू नये.

पाच. दळी आणि वनजमिनीचे प्लॉट कसणाऱ्याच्या नावे करा. ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला कुठलाच हमीभाव लागू होत नाही. जमीन नावावर करणं, हीच आमची अन्नसुरक्षा पेटी.

आपण काय करायचं

मागण्या छापून कोणी देत नाही. आपल्या शेजारी महाड आहे. चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. कागदावर तळं खुलं होतं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो ठराव खरा झाला. २ मे २००३ चा कोर्टाचा हुकूमही तसाच कागदावर पडू द्यायचा नाही. त्याला ओंजळ आपण लावायची.

म्हणून भट्टीला निघायच्या आधी प्रत्येक वाडीने एवढं करायचं. घरटी माणसांची यादी करा. कुणाकडे कुठलं कार्ड, कुणाकडे नाही, ते लिहा. शिकलेल्या पोरापोरींनी लिहावं. प्रत्येक कातकरी घराचा अंत्योदय कार्डाचा अर्ज तहसीलला एकत्र जाऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय माघारी फिरू नका. ज्यांचे प्लॉट आहेत त्यांनी जुनी दंडाची पावती, दळीचा कागद, जे असेल ते शोधून ठेवा. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांची साक्ष लिहून ठेवा. राज्य सरकारने १० ऑक्टोबर २००२ च्या निर्णयाने गावपातळीवरच्या समितीकडून दावे तपासण्याचं मान्य केलं होतं. ती समिती आपल्या गावात बसली का, हे विचारा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आपण नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दिवाळीआधी खास ग्रामसभा मागा, आणि वरच्या पाच मागण्यांचा ठराव तिथे लिहून घ्या. बायांनी पुढे बसायचं. घरातली चूल कशावर पेटते आणि कधी विझते, ते त्यांना ठाऊक आहे.

आणि या साली प्रत्येक घराने नाचणीचं, वरीचं, खुरासणीचं बियाणं वेगळं बांधून, राख लावून ठेवायचं. भूक लागली तरी बियाण्याला हात नाही. ज्याच्यापाशी खुरासणीचं बी नाही त्याने वरच्या वाडीतून मागून आणावं, पुढल्या साली सवाईनं परत द्यावं. धोरण बदलायला वेळ लागेल, पण बी संपलं तर धोरण बदलूनही पेरणार काय?

आधी कणगी, मग बाजार!
कसेल त्याची जमीन, पिकवील त्याचं ताट!